टेपवर न आलेलं बोट

हल शहरात टेलिफोनचे डबे सायीच्या रंगाचे असतात. बाकी इंग्लंडात लाल.

एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा.

स्वरयंत्र काढलेली बाई हसते तेव्हा आवाज येत नाही. खांदे हलतात आणि गळ्यावरचा जाळीचा कपडा फुगतो.

हेरिंग मासे चिरणाऱ्या मुली कामाला लागण्याआधी बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. पिठाच्या पोत्याच्या चिंध्या सगळ्यात चांगल्या, धुऊन मऊ झालेल्या.

(खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.)

“ज्याने त्याने आपल्या मातीतलं गायचं. उसनं इथे चालत नाही.”

*

“पुन्हा म्हण,” नोरा म्हणाली. “आणि त्या ओळीच्या आधी श्वास घेऊ नकोस. मासा चिरताना कुणी श्वासासाठी थांबतं का?”

“मी मासे चिरत नाही, मिसेस हॅरकर. मी ताप बघते.”

“तेच ऐकू येतंय. ताप बघितल्यासारखं गातेस.”

शेजारच्या खाटेवरची बाई हसली आणि मग खोकत बसली. मी नोराच्या काखेतून थर्मामीटर काढला, तक्त्यावर आकडा टाकला आणि ती ओळ पुन्हा म्हटली, श्वास न घेता. नोराने चादरीवर बोटाने ठेका धरला होता. ओळ संपल्यावर तिने बोट थांबवलं. चांगलं झालं की ती एवढंच करायची.

साल १९६१. नोव्हेंबर. नगरच्या मिशन हॉस्पिटलात शिकून मी, सगुणा आढाव, हलच्या एका हॉस्पिटलात नाक-कान-घशाच्या वॉर्डात लागले होते. नोरा हॅरकर पासष्टीची. तरुणपणी ती हेरिंगच्या मागे फिरलेली. बोटी मासळीच्या मागे किनाऱ्याने खाली खाली सरकायच्या आणि मासे चिरणाऱ्या मुली रेल्वेने बोटींच्या मागे. उत्तरेच्या टोकापासून पार यार्मथपर्यंत. आता तिच्या घशात गाठ होती आणि सर्जन पुढच्या आठवड्यात तिचं स्वरयंत्र काढणार होते. जीव वाचेल, आवाज जाईल, हे त्यांनी तिला माझ्यासमोर सांगितलं होतं. नोराने विचारलं होतं, “चहा पिता येईल ना?”

ते गाणं तिचं होतं. म्हणजे तिच्या आईचं, आईच्या टोळीतल्या बायकांचं. बाहेर कुठे ते कुणी म्हणत नव्हतं. त्यात एक मुलगी मासे चिरता चिरता घरी निरोप धाडते: मी बरी आहे, खाते पिते, इथल्या मुली भल्या आहेत. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ येते. मीठ लागतं तेव्हा कळतं, कुठे कुठे कापलंय.

“मुलीला का नाही शिकवलंत?” मी एकदा विचारलं.

“ती कॅनडात. मुलगा इथे आहे, पण तो म्हणतो या गाण्याला वास येतो.” नोराचा आवाज फाटका झाला होता, सूर मात्र हलत नव्हता. “तुला वास येतो का गं?”

“मला इथे फक्त डेटॉलचा वास येतो.”

“मग तूच बरी.”

*

डग्लस पेलम सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होता. दर रविवारी संध्याकाळी गोदीजवळच्या एका पबच्या माडीवर तो लोकगीतांची बैठक भरवायचा. तिथे वाद्यं कमी, माणसं दाटीवाटीने, धूर छताला लागलेला. गाणारे डोळे मिटायचे आणि एक हात कानावर ठेवायचे. हॉस्टेलमधली एक आयरिश नर्स मला पहिल्यांदा घेऊन गेली. पुढे मी एकटी जाऊ लागले, कारण रविवारी दुसरीकडे कुठे जाणार.

नियम दारातच सांगितला जायचा. ज्याने त्याने आपल्या मातीतलं गायचं. त्याआधी म्हणे हलची पोरं गिटार घेऊन अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांची गाणी म्हणायची, आवाज मुद्दाम घोगरा करून. डग्लसला त्याची चीड होती. तो म्हणायचा, तुझा बाप गोदीत माल उतरवतो, तू कापूस का वेचतोयस? लोक हसायचे. नियम मला तेव्हा पटला होता, आवडलाही होता.

मी त्याला नोराबद्दल सांगितलं. तो हातातला ग्लास खाली ठेवून ऐकू लागला.

“हे गाणं कुठे छापलेलं नाही?”

“तिला लिहिता येत नाही. आणि पुढच्या आठवड्यात तिला बोलताही येणार नाही. तुमचा टेपरेकॉर्डर घेऊन या. सिस्टरना मी विचारून ठेवते.”

त्याने थोडा विचार केला. “वॉर्डात नको.”

“का?”

“हॉस्पिटलात माणूस स्वतःसारखा गात नाही. पांढऱ्या चादरी, ट्रॉल्या, घंटा. गाणं जिथलं आहे तिथेच घ्यावं लागतं. तिला घरी जाऊ दे. तिचं स्वयंपाकघर, चुलीवर किटली, तेव्हा ती खरी गाईल.”

“घरी जाईल तेव्हा तिला आवाज नसेल.”

“डॉक्टर वाईटातलं वाईट सांगून ठेवतात, सागूना.” माझं नाव तो तसंच घ्यायचा. “म्हातारी माणसं चिवट असतात.”

मी नर्स होते. काय कापून काढतात ते ट्रेमध्ये माझ्याच हातात येणार होतं. मी त्याला हेही सांगितलं. तो म्हणाला, तू फार व्यवहारी आहेस.

*

(टेप. स्वयंपाकघर. जानेवारी १९६२.)

(किटली.)

(डग्लसचा आवाज: “हं, चालू आहे. मिसेस हॅरकर, कधीही सुरू करा.”)

(किटली. श्वासाचा आवाज, शिट्टीसारखा.)

(माझा आवाज: “त्यांना गाता येत नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं.”)

(किटली.)

नोराच्या घरी तो रेकॉर्डर सूटकेससारखा उचलून घेऊन आला होता, बसमधून, दोनदा हात बदलत. नोराने दार उघडलं. गळ्याला मी बांधून दिलेला जाळीचा कपडा. तिने डग्लसकडे पाहिलं, रेकॉर्डरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून तिचे खांदे हलले. ती हसत होती. डग्लसला ते कळलं नाही.

बराच वेळ त्याने वाट पाहिली, जणू ती मनावर घेईल. मग नोराने टेबलावर बोट आपटलं आणि माझ्याकडे वळवलं. म्हण.

मी म्हटलं. नोराच्या टेबलापाशी उभी राहून, तिच्या ठेक्यावर. एका ठिकाणी सूर थोडा चढा लागला तेव्हा तिने टकटक करून मला थांबवलं आणि मागे आणलं. गाणं शिकवताना तिने मला तिचे उच्चारही शिकवले होते. माझ्या तोंडून ते शब्द तसेच यायचे, किनाऱ्यावरच्या बायकांचे, चपटे. तिसऱ्या कडव्याला डग्लसने डोळे मिटून घेतले.

टेप थांबवून तो म्हणाला, “हे फक्त नोंदीसाठी आहे, हं.”

“कसली नोंद?”

“सुरावटीची. मला शिकायला.”

नोराने त्याला चहा दिला. कपात साखर जास्त घातली होती. आवडत्या माणसालाच ती तसा चहा द्यायची.

*

पाढ्यांचं सांगायचं राहिलं.

फेब्रुवारीत एका रविवारी डग्लसने सगळ्यांसमोर मला उभं केलं. “सागूना भारतातून आली आहे. तिच्या मातीतलं काहीतरी ऐकू या.”

लहानपणापासून मी गायले ती चर्चमधल्या उपासनेची भजनं. ती बिअरच्या वासात म्हणायला जीभ वळेना. दुसरं काही आठवेना. लोक माझ्याकडे पाहत होते, कुणीतरी पायाने ठेका धरायलाही सुरुवात केली होती. मी हात कानावर ठेवला, डोळे मिटले आणि औटकी सुरू केली. साडेतीनचा पाढा. शाळेत गुरुजी तो आमच्याकडून चालीवर म्हणवून घ्यायचे, पावसाळ्यात सगळी पोरं डोलायची. एक औट औट. बे औट सात.

पस्तीसपर्यंत गेले आणि थांबले. मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. एका बाईने डोळे पुसले.

“कशाबद्दल आहे?” डग्लसने हळूच विचारलं.

मी खरं सांगणार होते. पण ती बाई रुमाल हातात धरून माझ्याकडे बघत होती.

“आमच्या बायका कामाच्या वेळी म्हणतात,” मी म्हणाले.

“दळताना?”

“दळतानाही म्हणता येईल.”

पुढच्या रविवारी मी नोराला हे सगळं रंगवून सांगितलं, पाढाही म्हणून दाखवला. तिचे खांदे एवढे हलले की मला तिच्या गळ्यावरचा कपडा नीट करावा लागला.

*

मे महिन्यात लंडनहून एका लहान रेकॉर्ड कंपनीची माणसं आली. डग्लसने पत्रं लिहून लिहून त्यांना बोलावलं होतं. स्टुडिओ नको, पबची माडीच हवी, समोर लोक बसलेले, ग्लासांचा आवाज, खोकला, सगळं घ्यायचं. जिवंत रेकॉर्डिंग. बाजारात येणाऱ्या रेकॉर्डवर कोण काय गाणार ते डग्लस ठरवत होता.

“तू पहिल्या बाजूला,” तो मला म्हणाला. “तुझं दळणाचं गाणं.”

“मला नोराचं गायचंय.”

“नोराचं मी गातोय.”

आम्ही जिन्यात उभे होतो. वर खुर्च्या सरकवत होते. लंडनच्या माणसाने तारांचं वेटोळं खांद्यावर घेऊन आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, आणि आम्ही भिंतीला लागून बोलत राहिलो.

“तुम्ही म्हणता खरं लोकगीत तोंडातून तोंडात जातं,” मी म्हणाले. “ते तिच्या तोंडातून माझ्या तोंडात आलं. मधे कुणी नव्हतं. तुम्ही टेपवरून शिकलात.”

“खरं आहे.”

“मग?”

“नियम तुला माहीत आहे, सागूना. हे गाणं इंग्रजी आहे. उद्या मी उठून तुझी दळणाची गाणी म्हणायला लागलो तर तुला कसं वाटेल?”

“शिकलात तर शिकवीन.”

“तसं नसतं ते. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला किनाऱ्यावरची बाई ऐकू यायला हवी. तुझ्या तोंडी तिचे उच्चार नक्कल वाटतील.”

“आणि तुमच्या?”

डग्लसचे वडील लंडनजवळच्या एका गावात दातांचे डॉक्टर होते. तो हलला नोकरीसाठी आलेला.

“मी त्यावर मेहनत घेतली आहे,” तो म्हणाला. तोंडावर चीड वगैरे काही नव्हतं, तो मला समजावत होता. मला तेच सहन होईना.

“नोरा आलीय ना,” मी म्हणाले. “तिलाच विचारा. सगळ्यांसमोर विचारा. ती म्हणेल तसं.”

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग होकाराची मान डोलावली. मला वाटलं तो घाबरला. मी मनात म्हटलं, आता बघू.

नोराला मीच बसमधून घेऊन आले होते. तिच्यासाठी पुढच्या रांगेत जागा धरली होती. तिने ठेवणीतला निळा कोट घातला होता, गळ्याला रेशमी रुमाल, जाळीच्या कपड्यावरून. शेजारी तिचा मुलगा फ्रँक, केसांना पाणी लावून बसलेला. आई रेकॉर्डवर येणार हे गोदीत त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. वास आता त्याला येत नसावा.

*

(लंडनच्या कंपनीची मूळ टेप. पहिली बाजू संपल्यानंतर.)

(ग्लास. हसू. कुणीतरी: “खिडकी उघडा रे.”)

(डग्लस: “पुढचं गाणं आपल्याला मिसेस नोरा हॅरकर यांच्याकडून मिळालं. त्या इथे बसल्या आहेत.” टाळ्या.)

(डग्लस: “ते त्यांनी सागूनाला शिकवलं, आणि मीही शिकलोय. नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण गाणं त्यांचं आहे, तेव्हा त्यांनीच सांगावं. नोरा, तुमचं गाणं कोण गाणार?”)

(शांतता.)

(शांतता. एक खोकला.)

(हसू. टाळ्या.)

*

त्या शांततेत नोरा आधी माझ्याकडे बघून हसली. मी खुर्चीवरून अर्धी उठलेही होते. स्कर्ट सारखा करत होते.

मग तिने हात वर केला आणि बोट डग्लसकडे केलं.

मला वाटलं ती त्याला काही विचारते आहे. तिने बोट खाली घेतलं नाही. फ्रँकने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोक हसले, प्रेमाने हसले, म्हातारीने पसंती दिली म्हणून, आणि टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या चालू असताना नोरा माझ्याकडे वळली आणि ओठांनी बोलली. आमच्या वॉर्डातल्या नर्सला ओठ वाचता येतात. मला तर नोराचे ओठ झोपेतही वाचता आले असते. मी मान हलवून नाही म्हटलं, म्हणजे कळलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा सावकाश म्हटलं, लहान मुलाला सांगावं तसं.

“तू छान गातेस, पोरी. पण गाणं आमचं आहे.”

तिने माझा हात हातात घेतला आणि थोपटला. तिच्या बोटांवर जुने पांढरे वण होते, कापल्याचे. डग्लसने कानावर हात ठेवला आणि पहिली ओळ सुरू केली. चांगला गायला. ‘मीठ लागतं तेव्हा’च्या आधी श्वास घेतला त्याने, पण तेवढं सोडलं तर चांगला गायला. नोराचं बोट माझ्या हातावर ठेका देत होतं. शेवटच्या कडव्याआधी मी हात सोडवून घेतला आणि उठले.

ती खुर्ची रेकॉर्डवर आहे. डग्लसला तो आवाज कापायला सांगितलं होतं म्हणे, त्याने ठेवला. म्हणाला, त्याने खोली जिवंत वाटते.

*

सप्टेंबरात मी बदली मागून लीड्सला गेले. नोरा दीड वर्ष जगली. फ्रँकने कळवलं, मी फुलं पाठवली, गेले नाही. पुढे मी नगरला परत आले, मिशनच्याच हॉस्पिटलात मेट्रन होऊन निवृत्त झाले.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने, विनीताने, ते सगळं फोनवर शोधून काढलं. इंग्लंडातल्या लोकगीतांच्या बैठकांच्या त्या सुरुवातीच्या दिवसांची जिवंत रेकॉर्डिंगं आता कुणीतरी पुन्हा काढली आहेत, न कापलेली, मधल्या बोलण्यासकट. आम्ही दोघी चहा घेत ऐकत बसलो. पहिल्या बाजूला औटकी आली तेव्हा विनीता इतकी हसली की चहा सांडला.

“आत्या, हा तर पाढा आहे.”

“हो.”

“इथे लिहिलंय, सासरी कष्टणाऱ्या मराठा स्त्रीचं दळणगीत. दुःखाने ओथंबलेलं.”

“साडेतीनचा पाढा दुःखाचाच असतो.”

मग ती शांतता आली. विनीताने फोन हातात घेऊन पाहिला, बंद पडला की काय म्हणून.

“इथे काय झालं?”

“काही नाही. एक म्हातारी बसली होती. तिला बोलता येत नव्हतं.”

“लिहिलंय, या ध्वनिमुद्रणातला सर्वांत हृद्य क्षण. वृद्ध गायिका आपला वारसा पुढच्या पिढीच्या हाती सोपवते.” विनीताने माझ्याकडे पाहिलं. “तू होतीस तेव्हा तिथे?”

“होते.”

“मग दिसलं असेल तुला.”

मी कप उचलून आत गेले. बाहेरच्या खोलीत डग्लस गात होता. मी नळ सोडला आणि गाणं संपेपर्यंत भांडी घासली. घासून झालेलीही पुन्हा घासली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी नोरा तिच्या स्वतःच्या आवाजात शेवटचं गायली. माझी आई मला झोपवताना म्हणायची ते गाणं तिने माझ्याकडून मागून घेतलं होतं, आणि त्या दुपारी खाटेवर बसून तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, मराठीत.